स्वयंसेवकाचे आरोग्य कोणाच्या जबाबदारीवर?

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असताना सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. या आत्मार्पणाचा गौरव पुष्कळ झाला. पण एक गोष्ट नजरेआड होते. हाफकीनची लस मुंबईत नुकतीच, त्याच जानेवारीत तयार झाली होती आणि उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले, ते १८९८ साली. सावित्रीबाईंच्या काळी शत्रू कोठून येतो हेच ठाऊक नव्हते.

आज ते ठाऊक आहे. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. तेथे घट्ट बसणारा एन-९५ मास्कच हवा. तोंडाला बांधलेला रुमाल (आपल्याकडील सर्वमान्य उपाय!) कुचकामी ठरतो. 'ब' प्रकारच्या काविळीची लस तीन मात्रांत, साधारण सहा महिन्यांत पुरी होते. वापरलेली सुई टोचल्यास जखम पिळू नये, साबणपाण्याने धुवावी व तत्काळ डॉक्टरांना गाठावे. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते.

हे सारे पुरवायचे कोणी? जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ व धनुर्वाताची लस देण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी रुग्णालयांवर घातले आहे. स्ट्रेचर ढकलणारा, रुग्णाच्या उशाशी बसणारा स्वयंसेवक मात्र हजेरीपटावर नसतो. त्याला समारंभात हार मिळतो. हातमोजे त्याने पदरमोड करून आणायचे! हा सेवाभावाचा सन्मान नव्हे, फुकट श्रमाची सोय आहे. लस, मास्क आणि आजारपणात विनामूल्य उपचारांची लेखी हमी मिळाल्याखेरीज स्वयंसेवक संघटनांनी आपली माणसे कक्षात पाठवू नयेत.