पोटावरील लोंबती कातडी आणि विम्याचें कलम

श्रोतेहो, आजचा विषय चारचौघांत काढण्यास पुष्कळांस संकोच वाटेल. पण ह्याच संकोचापायीं कित्येकांचा हक्काचा पैसा बुडतो, म्हणून मीं तो मुद्दाम निवडला आहे.

अतिस्थूल माणसाचें वजन शस्त्रक्रियेनें वा पथ्यानें चाळीस-पन्नास किलोंनीं उतरलें, कीं चरबी जाते, परंतु ताणलेली कातडी पूर्ववत् होत नाहीं. ती पोटावरून झालरीसारखी खालीं लोंबते. तिच्या घडींत घाम सांचतो, त्वचा सोलवटते, बुरशी धरते, जखमा होतात. अंग स्वच्छ ठेवणें व चालणें कठिण होतें. ही जादा कातडी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस पॅनिक्युलेक्टमी म्हणतात. पोटाचे स्नायूहि आवळून पोट सपाट व सुबक करणें ही ॲब्डॉमिनोप्लास्टी निराळी. ह्या दोहोंची गल्लत झाली, कीं विम्याचा वाद उभा राहतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी विमा कंपनीचें नकारपत्र घेऊन मजकडे आली. शस्त्रक्रिया सौंदर्यासाठीं असल्यामुळें खर्च मिळणार नाहीं, एवढाच त्यांत मजकूर. मीं तिला पॉलिसी आणावयास लाविली व तें कलम मोठ्यानें वाचावयास सांगितलें. पहिल्या ओळीवर ती थांबली.

"पुढें वाच," मी म्हणालों.

हें प्रमाणित कलम भारतीय विमा विनियामक आणि विकास प्राधिकरणानें ठरवून दिलेलें असून वर्ज्य गोष्टींच्या यादींत त्याचा क्रमांक ८ आहे. आशय असा: रूप पालटण्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाहीं, परंतु अपघात, भाजणें वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा प्रकृतीस असलेला प्रत्यक्ष व तात्कालिक धोका दूर करण्यासाठीं आवश्यक असलेला उपचार, हा त्यास अपवाद आहे. मात्र ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरनें प्रमाणित केली पाहिजे. सारें बळ ह्या 'परंतु'मध्यें आहे.

"मग डॉक्टरांचे कागद कोठें आहेत?" मीं विचारलें.

ती खालीं पाहूं लागली. "गुरुजी, दाखवायची लाज वाटली," ती म्हणाली. दोन वर्षें ती दुकानांतून मलम आणून घरींच लावीत होती. भोगलेलें सारें खरें होतें; पुरावा मात्र एका ओळीचाहि नव्हता.

तेव्हां आम्हीं पहिल्यापासून आरंभ केला. त्वचारोगतज्ज्ञाकडील प्रत्येक भेटीची तारीखवार चिठ्ठी, औषध घेऊनहि विकार पुनः उलटल्याची नोंद, घडीचीं छायाचित्रें, कित्येक महिने वजन स्थिर असल्याचा तक्ता, असें सर्व जमविलें. अखेरीस शल्यविशारदाचें प्रमाणपत्र घेतलें. त्यांत पोट बेडौल दिसतें असें नव्हतें. वारंवार जंतुसंसर्ग होतो, जखमा चिघळतात, व औषधानें तें थांबत नाहीं, असें स्पष्ट होतें. पूर्वमंजुरीचा अर्ज पुनः गेला. कातडी काढण्याचा खर्च मंजूर झाला. स्नायू आवळण्याचा झाला नाहीं, आणि तें मला गैर वाटलें नाहीं.

प्रत्येकास असें यश येईलच असें नाहीं. पॉलिसी नवी असल्यास पूर्वीच्या विकारासाठीं प्रतीक्षाकाल असतो. सन २०२४ पासून तो ३६ महिन्यांहून अधिक ठेवतां येत नाहीं. नकार आल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. एका महिन्यांत उत्तर न आल्यास, वा आलेलें उत्तर न पटल्यास, एक वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जावें. मुंबई व पुणें येथें त्यांचीं कार्यालयें आहेत. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देवविण्याचा लोकपालास अधिकार आहे.

श्रोतेहो, दुखणें झांकल्यानें बरें होत नाहीं, आणि नुसतें तोंडीं सांगितल्यानें सिद्ध होत नाहीं. तें वेळींच डॉक्टरांस दाखवा, कागदावर उतरवून घ्या, आणि कलम पूर्णविरामापर्यंत वाचा.