कोय, लसूण आणि तळ्यातला रोहू

आंब्याचे दिवस आहेत. आज दुपारी तुमच्यापैकी अनेकांच्या ताटात आमरस असेल आणि कोयी उकिरड्यावर गेल्या असतील. मी त्या कोयीपासूनच सुरुवात करतो. आपल्या देशातल्या संशोधकांनी रोहूच्या बोटुकलीला खाद्यातून 60 दिवस कोयीची पूड दिली. किलोभर खाद्यात एका गटाला 1 ग्रॅम, दुसऱ्याला 5, तिसऱ्याला 10, आणि एका गटाला काहीच नाही. मग सगळ्यांना एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूची लागण केली. गोड्या पाण्यातल्या माशांच्या अंगावर व्रण पाडणारा, पोटात पाणी साठवणारा हा जंतू. सर्वांत जास्त मासे जगले ते 5 ग्रॅमच्या गटात. 10 च्या नाही.

ही गोष्ट मी जिथे जातो तिथे सांगतो, कारण शेततळ्याच्या बांधावर हमखास ऐकू येतं, ‘‘झाडपाल्याचंच आहे, थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं?’’ बिघडतं. बीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हेक्टरी सुमारे 2500 किलो मोहाची पेंड टाकतात. मोहसुद्धा झाडच आहे. त्या पेंडीतलं सॅपोनिन माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. वनस्पतीत ताकद आहे, हे एकदा मान्य केलं की तिची मात्राही मानावी लागते.

आता खाद्यातली ही पूड करते काय? माशाला आपल्यासारखी अस्थिमज्जा नसते. त्याच्या रक्तपेशी मुख्यतः मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात तयार होतात. तिथून निघणाऱ्या भक्षक पेशी जंतू गिळतात, रक्तातलं आणि अंगावरच्या बुळबुळीतलं लायसोझाइम जंतूंची भिंत फोडतं. लसूण, हळद, कोय यांतली द्रव्यं या पहारेकऱ्यांना जागं ठेवतात. पण जागं व्हायला दिवस लागतात, आठवडे लागतात. म्हणून हे औषध निरोगी माशाचं आहे.

हे मला एका तळ्यावर नीट कळलं. माशांना व्रण आले होते. शेतकरीदादांनी घरची हळद खाद्याच्या पेंडीत आणि भाताच्या कोंड्यात कालवून टाकली होती, मनापासून. मी काठावर बसून पाहत राहिलो. तगडे मासे झेपावून खात होते. अंगावर जखमा असलेले कडेला, झुडपांच्या सावलीत निपचित होते. खाद्य त्यांच्या अंगावरून तरंगत गेलं. आजारी मासा पहिल्यांदा खाणं सोडतो. ज्याला औषध हवं त्याच्या तोंडात ते जातच नाही. प्रतिजैविकांचीही खाद्यातून देताना हीच गत होते, आणि वर न खाल्लेला भाग पाण्यात विरघळून तळाच्या जंतूंना सरावाचा होतो. या कारणाने मी वनस्पतींच्या बाजूचा आहे, आणि त्याच कारणाने त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये असंही म्हणतो.

त्या तळ्यात खरा दोष पाण्याचा होता. बीज दाटीने सोडलेलं, पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकणारे. आम्ही मासे विरळ केले, ताजं पाणी घेतलं, चुना मारला. प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली राहत असेल तिथे लसणाला दोष देऊ नका.

लसणाचंही एक सांगतो. त्याचं खरं द्रव्य, अ‍ॅलिसिन, पाकळीत तयार नसतं. पाकळी ठेचली की तयार होतं, आणि उष्णतेने जातं. गोळीखाद्य बनवताना यंत्रात खूप तापतं. तेव्हा लसूण आधी घालून उपयोग थोडा. तो ठेचून दहा मिनिटं ठेवावा, तांदळाच्या पेजेत कालवून तयार गोळ्यांवर चोळावा, सावलीत सुकवून त्याच दिवशी घालावा. किलोला 5 ते 10 ग्रॅम पुरे. बाजारातल्या पुडीवर नुसतं ‘हर्बल’ लिहिलेलं असेल तर दुकानदाराला विचारा, यात नक्की काय आहे आणि किती? उत्तर मिळालं नाही तर पुडी परत ठेवा.

व्रणरोग आपल्याकडे बहुधा थंडीत डोकं काढतो. त्या दादांनी पुढच्या वर्षी बीज विरळ सोडलं आणि लसूण सुरू केला कोजागरीच्या सुमारास, एकही मासा आजारी नसताना.