तबकडीची साक्ष

जाझ संगीताचा नाद ज्याला दीर्घकाळ लागला आहे, त्याला परिचित मंडळी एक प्रश्न हटकून विचारतात: या संगीतांतील सर्वोत्तम तबकडी कोणती? प्रश्न साधा दिसतो. परंतु तबकडी आणि संगीत या दोन वस्तू एकच आहेत, असें तो गृहीत धरून चालतो. स्वरलेखनावरून वाजविल्या जाणाऱ्या युरोपीय संगीताच्या बाबतींत मूळ कृति निदान कागदावर सुरक्षित असते. जाझचें तसें नाहीं. आपल्याकडील गवई बंदिशीचा आधार घेऊन राग वाढवितो. त्याच रीतीनें जाझचा वादक एखाद्या सर्वपरिचित गीताच्या स्वरसंवादाची चौकट आधाराला घेतो आणि त्या क्षणीं सुचेल ती नवी रचना करीत जातो. वाजवून झालें कीं ती रचना हवेंत विरते. मागें राहते ती तबकडी. म्हणून तबकडीला मी संगीताची साक्ष म्हणतों, आणि साक्षीदाराला जे प्रश्न विचारावयाचे तेच तिला विचारावे असें मला वाटतें. तूं काय पाहिलें नाहींस? काय पाहिलेंस? आणि जें सांगत आहेस तें स्वखुषीनें सांगत आहेस ना?

प्रथम तिनें न पाहिलेल्या गोष्टी घेऊं. न्यू ऑर्लिन्स शहरांत बडी बोल्डन नांवाचा एक कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक होऊन गेला. जाझच्या आद्य प्रवर्तकांत जुने वादक त्याची गणना करीत. १९०७ सालीं त्याला वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें आणि १९३१ सालीं तेथेंच त्याचा अंत झाला. त्याच्या वादनाची एकहि तबकडी आज उपलब्ध नाहीं. उलट, जाझची पहिली म्हणून गाजलेली तबकडी १९१७ सालीं न्यूयॉर्क येथें व्हिक्टर कंपनीनें मुद्रित केली, ती ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड या गोऱ्या वादकांच्या ताफ्याची. ज्या समाजानें ही कला जन्मास घातली, त्याची साक्ष अशी मागाहून नोंदली गेली. १९२३ सालीं किंग ऑलिव्हरचा ताफा वाजवावयास उभा राहिला तेव्हां मुद्रणासाठीं मायक्रोफोन नव्हता. सर्वांनीं एका कर्ण्यासमोर वाजवावयाचें. मोठ्या ढोलाच्या आघातानें मुद्रणाची सुई उडे, म्हणून तो ढोल वगळून लांकडी ठोकळ्यांवर ताल धरावा लागे. त्या तबकड्या ऐकून जो श्रोता ताल फिका म्हणून नाक मुरडतो, तो कर्ण्याचा दोष वादकांच्या माथीं मारतो.

याहून मोठी पोकळी पुढें पडली. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेंतील वादकांच्या संघटनेनें तबकड्यांसाठीं वाजविण्याचें बंद केलें. तबकड्यांमुळें वादकांची रोजी बुडते, तेव्हां तबकड्यांच्या उत्पन्नांतून त्यांच्यासाठीं वांटा निघाला पाहिजे, ही मागणी मला तरी रास्त वाटते. डेक्का कंपनीनें १९४३ सालीं तडजोड केली. व्हिक्टर व कोलंबिया यांनीं १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत ताणून धरलें. नेमक्या याच दिवसांत हार्लेममधील रात्रींच्या बैठकींत डिझी गिलेस्पी, थेलोनिअस मंक, चार्ली पार्कर हे तरुण जाझला नवें वळण देत होते. १९४३ सालीं पार्कर आणि गिलेस्पी हे दोघेहि अर्ल हाइन्स या पियानोवादकाच्या ताफ्यांत होते. परंतु त्या ताफ्याची तबकडी निघालीच नाहीं. १९४५ सालीं या मंडळींच्या तबकड्या बाहेर पडल्या, तेव्हां हें संगीत एका रात्रींत आकाशांतून पडलें, असा अनेकांचा ग्रह झाला. मधल्या पायऱ्या ऐकावयास मिळाल्या असत्या तर त्यावरचा अर्धा वाद मिटला असता.

हाइन्सचें नांव निघालें आहे, तर मुंबईला जवळची असलेली एक हकीकत सांगतों. १९२६ च्या सुमारास शिकागोंत हाइन्सच्या बरोबरीनें ज्याचा लौकिक होता असा एक पियानोवादक म्हणजे टेडी वेदरफोर्ड. त्या वर्षीं अर्स्किन टेटच्या ताफ्यांत लुई आर्मस्ट्राँगच्या साथीला बसून त्यानें दोन गीतें मुद्रित केलीं आणि त्याच वर्षीं तो पूर्वेकडे निघून गेला. शांघाय, मुंबईचें ताजमहाल हॉटेल, शेवटीं कलकत्ता असा त्याचा प्रवास झाला. कलकत्त्यास १९४५ सालीं पटकीनें तो वारला. त्याच्यासारख्या कलावंतांच्या सहवासांत गोव्याकडील कित्येक वादकांनीं ही विद्या उचलली आणि चिक चॉकलेटसारख्या ट्रम्पेटवादकांच्या द्वारें तिचे पडसाद आपल्या चित्रपटसंगीतांतहि उमटले. जाझच्या इतिहासग्रंथांत मात्र हाइन्सला पानेंच्या पानें मिळतात आणि वेदरफोर्डला चार ओळी. कलेच्या तारतम्यापेक्षां अमेरिकेंत मागें राहिलेल्या तबकड्यांच्या संख्येचाच हा परिणाम अधिक आहे.

आतां तबकडीनें काय पाहिलें तें. दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे सुमारें तीन मिनिटें. आपल्या गवयांना ही मर्यादा जाचक वाटली यांत नवल नाहीं; तरीहि केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी एवढ्याशा अवकाशांत किती मोठा पैस दाखविते! १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीच्या वतीनें जी सोनेरी तबकडी अंतराळांत धाडण्यांत आली, तींत ही भैरवी आहे आणि आर्मस्ट्राँगनें १९२७ सालीं वाजविलेलें 'मेलन्कली ब्लूज' हेंहि आहे. निवड करणारांनीं आर्मस्ट्राँगला घेतलें हें योग्यच झालें; पण माझी निवड वेगळी पडली असती. २८ जून १९२८ रोजीं शिकागोंत मुद्रित झालेलें त्याचें 'वेस्ट एंड ब्लूज' मी पाठविलें असतें. आरंभीं तो साथीवांचून एकटाच ट्रम्पेट फुंकतो. पंधरा सेकंदांच्या आंत तो शिखर गांठून खालीं उतरतो, आणि त्यानंतर येणारी संथ चीज किती उंचीवरून ऐकावयाची हें ठरवून टाकतो. हाइन्सचा पियानो येऊन जातो. शेवटच्या आवर्तनांत आर्मस्ट्राँग एकच वरचा स्वर चार मात्राखंड धरून ठेवतो. श्रोत्याचा श्वास कोंडतो. आणि मग तो स्वर तुटून खालीं ओघळतो. येथें एकहि स्वर कमी करतां येत नाहीं. असाच दुसरा नमुना कोलमन हॉकिन्सच्या 'बॉडी अँड सोल'चा. पांच वर्षें युरोपांत काढून परतल्यावर ११ ऑक्टोबर १९३९ रोजीं त्यानें हें गीत सॅक्सोफोनवर वाजविलें. मूळ चालीला आरंभीं ओझरता स्पर्श करून तो तिच्यापासून दूर जातो आणि पुनः तिच्याकडे वळत नाहीं. दोन आवर्तनांत सारें संपतें. इतकें असूनहि सामान्य लोकांनीं ही तबकडी भराभर विकत घेतली. लोकांना अवघड संगीत पचत नाहीं, असें म्हणणारांनीं हें लक्षांत ठेवावें.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. २९ जुलै १९४६ रोजीं लॉस एंजेलिस येथें चार्ली पार्करला डायल कंपनीसाठीं वाजवावयास उभें केलें, तेव्हां त्याच्या शरीराचा व मनाचा तोल गेलेला होता. 'लव्हर मॅन' या गीतांत पियानोची प्रस्तावना संपली तरी त्याचा सॅक्सोफोन वेळेवर उठत नाहीं. वाक्यें अर्धवट तुटतात. त्याच रात्रीं त्याला पकडून नेण्यांत आलें आणि पुढचे सहा महिने त्याचे मनोरुग्णालयांत गेले. कंपनीनें ती तबकडी विक्रीस काढली, ही गोष्ट त्याला अखेरपर्यंत सलत राहिली. तिच्यांतील वेदनेची वाखाणणी करणारे रसिक पुष्कळ आहेत. मला ती वाखाणणी मान्य नाहीं. वेदना आहे, पण ती त्यानें आपल्यापुढें ठेवलेली नाहीं. त्याच्याकडून ती काढून घेतलेली आहे. १९५१ सालीं त्यानें तेंच गीत पुनः मुद्रित केलें. त्याला काय म्हणावयाचें होतें तें तेथें ऐकावें.

याच्या शेजारीं बिली हॉलिडेची १९५८ ची 'लेडी इन सॅटिन' ठेवून पाहा. १९३७ सालीं लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनच्या साथीनें गातांना जो आवाज खेळकर व तरतरीत होता, तो आतां चिरफाळलेला आहे. तिला जाऊन किती दया करावी, असें कित्येकांना वाटतें. परंतु तंतुवाद्यांचा तो ताफा तिला हवा होता. रचनाकार रे एलिस याची निवड तिचीच होती. आपला आवाज काय उरला आहे हें पूर्ण जाणून ती शब्द तोलून टाकते आणि उरलेल्या आवाजानेंच गीत पुरें करते. पुढच्याच वर्षीं, १७ जुलै १९५९ रोजीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं ती निवर्तली. माझें प्रेम १९३७ च्या तबकड्यांवर अधिक आहे, हें मी लपवीत नाहीं. पण या उत्तर काळांतील तबकडीला दयेची नव्हे, आदराचीच गरज आहे. दोन्हीं ठिकाणीं आवाज मोडलेला आहे. एकींत कलावंत आपल्या मोडलेपणाचा धनी आहे, दुसरींत नाहीं; आणि ऐकणारानें हा भेद विसरतां कामा नये.

आज या साऱ्या तबकड्या घरबसल्या ऐकावयास मिळतात. पूर्वी एका तबकडीसाठीं दुकानें धुंडाळावीं लागत. आतां शंभर गीतें एका पाठोपाठ कानांवरून वाहून जातात. श्रोत्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, नव्यानें ऐकावयास बसाल तेव्हां एका बैठकींत एकच चीज घ्यावी. ती केव्हां, कोणत्या साधनानें आणि कोणाच्या इच्छेनें मुद्रित झाली हें आधीं जाणून घ्यावें, आणि मग तीच तीन वेळां ऐकावी. पहिल्या खेपेस चाल ध्यानांत येईल, दुसऱ्या खेपेस साथ. तिसऱ्या खेपेस, ज्या क्षणीं वादकालाहि पुढचा स्वर ठाऊक नव्हता, तो क्षण बहुधा हातीं लागेल. सर्वोत्तम तबकडी कोणती हा प्रश्न मग विचारावासा वाटणार नाहीं.