अन्नाचा नकार आणि पोटाची व्यथा

अन्न नाकारून कृश होणाऱ्या तरुणींच्या विकारास इंग्रज वैद्य सर विल्यम गल यांनीं १८६८ सालीं अपचनावरून नांव दिलें होतें. पुढें १८७४ मध्यें तें सोडून त्यांनीं ‘अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा’ हें नांव योजिलें. विकाराचें मूळ पोटांत नाहीं, हें खरेंच. परंतु पोटही त्यांत भरडलें जातें. दीर्घ उपासमारीनें जठराची गति मंदावते, अन्न तासन्‌तास तेथेंच राहतें, मलावरोध होतो. चार घासांतच ‘पोट भरलें’ म्हणणारी मुलगी बहुधा खोटें बोलत नसते! घरचीं माणसें मात्र तिला हट्टी ठरवून दटावतात. एकदम भरपेट जेवूं घालणेंही घातक. रक्तांतील फॉस्फेट घटून प्राणावर बेततें. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, वेळच्या वेळीं, बेताबेतानें आहार वाढवावा. जेवतांना कोणी मायेनें शेजारीं बसावें. पोषण सुधारलें कीं जठराची गति पुष्कळदां पूर्ववत् होते. त्यास आठवडे लागतात, कधीं महिनेही.