चित्रकलेचा तास



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे ते आपणां सर्वांचे 'सर' होते. माझे ते वर्गमित्र. इंदूरच्या शाळेत आम्ही एकाच बाकावर बसलो. पुढे मी मराठीच्या अध्यापनात रमलो, त्याने रंगपेटी धरली, आणि आपल्या नोकरीचा शेवटचा, सर्वांत मोठा काळ त्याने अयोध्यानगरातील या शाळेला दिला. त्याचे नाव पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. माझ्या बोलण्यात मात्र एकेरी 'तो' येईल, त्याबद्दल राग मानू नये. साठ वर्षांच्या मैत्रीला आदरार्थी बहुवचनाची सवय लावणे या वयात अवघड आहे.

त्याच्या निधनानंतर भेटणाऱ्यांपैकी अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला. एवढा हात असलेला माणूस शाळामास्तर म्हणून का राहिला? प्रश्नामागे सहानुभूती होती, पण शिक्षकाचे काम म्हणजे कलावंताची तडजोड, असे एक गृहीतही त्यात होते. ते गृहीत आज तपासून पाहावे असे मला वाटते. त्यासाठी त्याच्या एकट्याच्या आयुष्याकडे न पाहता, ज्या मातीत तो वाढला त्या माळव्याच्या चित्रपरंपरेकडे पाहिले पाहिजे.

इंदूरमध्ये 1927 साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रकलेची शाळा सुरू केली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा माणूस. होळकरांच्या राजधानीत मराठी कुटुंबे पुष्कळ होती, गाणे होते, नाटक होते. चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण देणारी जागा त्यांनी उभी केली. या शाळेच्या आरंभीच्या काळातील विद्यार्थ्यांची नावे पाहावीत. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णू चिंचाळकर. वर्षे थोडी मागेपुढे असतील, पण ही सारी एकाच गुरूची मुले. आज इंदूरच्या कलादालनाला देवळालीकरांचे नाव आहे. तरीही त्यांची स्वतःची चित्रे किती जणांना आठवतात? त्यांचे नाव निघते ते विद्यार्थ्यांच्या नावामागोमाग. शिक्षकाच्या वाट्याला येणारी कीर्ती बहुधा अशीच असते.

या गुरुबंधूंच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. हुसेन पंढरपूरचे, वाढले इंदुरात. मुंबईला जाऊन त्यांनी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगविले आणि पुढे जगभर पोहोचले. बेंद्रे यांचा जन्म इंदूरचाच, 1910 चा. कीर्ती त्यांनाही लाभली, परंतु 1950 साली ते बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवायला गेले आणि 1966 पर्यंत तेथे राहिले. चाळिशी ओलांडण्याच्या सुमाराची ही वर्षे कोणत्याही चित्रकाराच्या ऐन बहराची. ती त्यांनी विद्यार्थ्यांमध्ये घालविली. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख यांच्यासारखे विद्यार्थी त्यातून तयार झाले, आणि पुढे त्यांनीही बडोद्यालाच शिकविले. बेंद्रे यांनी तडजोड केली असे कोणी म्हणत नाही, कारण ते विद्यापीठात होते. तेच काम प्राथमिक शाळेच्या फरशीवर बसून केले की मात्र आपण हळहळतो.

आता विष्णू चिंचाळकरांविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण माझ्या मित्राचे ते दैवत होते. 1917 साली जन्मलेले चिंचाळकर साऱ्या माळव्यात 'गुरुजी' या नावाने ओळखले जात. संपादक राहुल बारपुते, रंगकर्मी बाबा डिके, देवासचे कुमार गंधर्व आणि गुरुजी ही मित्रमंडळी म्हणजे त्या काळच्या माळव्याचे एक सांस्कृतिक वैभवच होते. व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे यांवर गुरुजींची उत्तम हुकमत होती. त्या बळावर त्यांना सुखाने नाव आणि पैसा मिळविता आला असता. परंतु ते वळले वाळक्या पानांकडे, काटक्यांकडे, बियांकडे, चिंध्यांकडे. ज्याला आपण केर म्हणतो त्यात त्यांना चेहरे दिसत, पक्षी दिसत. हातचलाखी अगदी थोडी. एखादे पान उलटे धरायचे, एखादी काडी बाजूला ठेवायची, की मुलांना हसता हसता मोर दिसू लागे.

असल्या कलाकृती टिकत नाहीत. पान चुरते, रंग विटतो. हे गुरुजींना ठाऊक नव्हते काय? त्यांना वस्तूपेक्षा मुलाची नजर घडवायची होती. आपल्या भोपाळमध्ये 'एकलव्य' या संस्थेने 1985 साली 'चकमक' हे मुलांचे मासिक सुरू केले, त्याच्याशीही त्यांचा स्नेहसंबंध होता. 2000 साली ते गेले.

त्यांचे एक छोटे हिंदी पुस्तक आहे, 'खुलते अक्षर खिलते अंक'. देवनागरी अक्षरे आणि अंक यांतून चित्रे कशी उमलतात हे त्यात दाखविले आहे. मी आयुष्यभर अक्षरांवर पोट भरले. माझ्या दृष्टीने अक्षर म्हणजे ध्वनीची खूण, शब्दाचा अवयव, क्वचित व्युत्पत्तीचा धागा. अक्षराला आकार असतो आणि मूल वाचू लागण्यापूर्वी तो आकारच पाहत असते, ही साधी गोष्ट भाषेच्या प्राध्यापकाला चित्रकाराकडून कळावी लागते. ही विद्या माझ्या मित्राने या शाळेत आणली. पहिलीच्या फळ्यावर तो लांब रेघ ओढी आणि सांगे, "ही वाळत घालायची दोरी. आता हिच्यावर अक्षरे टांगू या." शिरोरेषेची याहून चांगली व्याख्या मला व्याकरणाच्या ग्रंथांत आढळली नाही. त्याच्या वर्गात 'ठ' हे शिंक्यातले मडके होते आणि '२' हे पाण्यात उतरलेले बदक.

या वस्तीतील मुलांच्या घरच्या बोली निरनिराळ्या. कोणी मराठी, कोणी बुंदेली, कोणी माळवी, शाळेत हिंदी. शेजारी भेलचा कारखाना, त्यामुळे देशभरची कुटुंबे येथे येऊन राहिली. ज्या मुलाला वर्गाची भाषा नीट येत नाही ते भाषेच्या तासाला गप्प बसते. चित्रकलेच्या तासाला ते गप्प राहत नसे. काही मुलांना शाळा आपली वाटू लागली ती या तासामुळे, हे येथील शिक्षकांनीच मला सांगितले आहे.

त्याचा एक नियम होता. मुलाच्या चित्रावर तो कधी स्वतःची रेघ ओढीत नसे. सुधारणा दाखवायची असेल तर खिशातून कागदाचा तुकडा काढी, त्यावर काढून दाखवी आणि तो तुकडा पुन्हा खिशात घाली. "चित्र त्याचे आहे, माझी सही त्यावर कशाला?" असे म्हणे. लाल शाईने निबंध तपासणाऱ्या आम्हा मंडळींना या वाक्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

त्याला खंत नव्हती असे मी म्हणणार नाही. मित्राविषयी खोटे गोड बोलणे हा त्याचा अपमान ठरेल. त्याला स्वतःचे प्रदर्शन भरवायचे होते. भारत भवनात एखादे प्रदर्शन पाहून परतताना तो बराच वेळ बोलत नसे. एकदा म्हणाला, "माझी म्हणावीत अशी चित्रे तीसेक असतील. बाकीची पोरांच्या वह्यांत गेली." त्यात दुःख होते, तक्रार नव्हती. दोन्ही कामे करायला एक आयुष्य अपुरे पडते आणि माणसाला निवडावे लागते. त्याने निवड केली, तिची किंमत मोजली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळेत आला. याला तडजोड म्हणावयाचे की निष्ठा, हे आपण ठरवावे. माझे मत मी लपविलेले नाही.

शेवटी दोन विनंत्या करतो. पहिली शाळेला. परीक्षा जवळ आली की सर्वप्रथम चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो, हे सर्वत्र चालते. या शाळेने तरी तसे करू नये. दरवर्षीच्या व्याख्यानापेक्षा तो तास राखणे हे माझ्या मित्राचे अधिक खरे स्मारक होईल.

दुसरी विनंती माजी विद्यार्थ्यांना. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी त्या काळच्या चित्रकलेच्या वह्या माळ्यावर किंवा ट्रंकेत पडल्या असतील, त्यांनी त्या शोधाव्यात आणि येथे आणाव्यात. त्याने एक रेघही ओढलेली नसली, तरी त्याचे काम त्या वह्यांतच आहे. त्या एकत्र मांडल्या तर राहून गेलेले त्याचे प्रदर्शन याच सभागृहात भरेल.