सिलिकॉनच्या सूक्ष्मकणांचा प्रकाश

वाळूत ऑक्सिजनशी निगडित असलेले सिलिकॉन हे मूलद्रव्य संगणकामुळे घरोघरी पोचले आहे. विजेच्या बाबतीत कुशल असलेले हे द्रव्य प्रकाश देण्याच्या बाबतीत मात्र कृपणच गणले जाई. १९९० मध्ये इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे ली कॅनहॅम यांनी सिलिकॉनची चकती हायड्रोफ्लुओरिक आम्लात विजेच्या साहाय्याने कोरली. तिच्यात असंख्य छिद्रे पडून मधले सिलिकॉन अवघे काही नॅनोमीटर जाडीचे उरले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हिरव्या किंवा निळ्या लेसर किरणांखाली ही चकती तांबडी उजळली. द्रव्य तेच होते, केवळ आकारमान घटले होते.

शरीरातील रोगाचा माग काढण्यासाठी असे प्रकाशमान कण उपयोगी पडतात. परंतु या कामी प्रथम पुढे आलेल्या अनेक कणांत कॅडमियम असते आणि ते विषारी आहे. सिलिकॉनचे कण मात्र शरीरात विरघळून त्यांचे सिलिसिक आम्ल बनते व ते मूत्रावाटे बाहेर पडते. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे मायकेल सेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले.

त्याहून मनोवेधक गोष्ट निराळीच आहे. किरण पडताच शरीरातील ऊतीही स्वतः मंद प्रकाशतात आणि त्या झगमगाटात कणांचा प्रकाश हरवतो. पण ऊतींचा प्रकाश काही नॅनोसेकंदांत मावळतो, तर सिलिकॉनचा कित्येक मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपटीने अधिक काळ, रेंगाळतो. तेव्हा कॅमेऱ्याने किंचित थांबून पाहिले की पुरे! याच गटाने २०१३ मध्ये या युक्तीने उंदरांच्या शरीरातील कण भोवतालच्या प्रकाशाच्या तुलनेत वीसपटीहून अधिक स्पष्ट टिपले.

अडचण आहे ती विरघळण्याच्या याच गुणात. कणाच्या पृष्ठभागावर प्रतिपिंड बसवून विशिष्ट प्रथिन हुडकता येते. पण प्रकाश मंदावला तर तो त्या प्रथिनामुळे, की पाण्याने कणच झिजल्यामुळे, हे कसे ठरवावे? जो कण लवकर विरघळतो तो निर्धोक, परंतु साक्षीदार म्हणून कच्चा. म्हणून रसायनशास्त्रज्ञ पृष्ठभागावर कार्बनयुक्त रेणूंचे कवच जोडतात, किंवा शेजारी न बदलणारा दुसरा रंग ठेवून दोहोंचे गुणोत्तर मोजतात. रुग्णालयांतील नित्याच्या तपासणीत हे कण अद्याप आलेले नाहीत.