शासनाकडे मागावे कसे : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा पाठ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या मंडळाची पहिली सभा पन्नास वर्षांपूर्वी एका सभासदाच्या सरकारी क्वार्टरमधील बैठकीच्या खोलीत भरली, त्याच्या सुवर्णमहोत्सवात बोलावयास मिळावे, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. गणेशोत्सव, नाट्यस्पर्धा आणि मराठी शाळा यांत रमलेल्या मंडळास अमेरिकेतील कॉलेजांशी काय कर्तव्य, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

त्याचे उत्तर आमच्या नोकरीत आहे. केंद्र सरकारच्या सेवेत आमचे आयुष्य टेबलामागे गेले. समोर निवेदने घेऊन बसलेली शिष्टमंडळे आम्ही शेकड्यांनी पाहिली. मात्र एकदा आम्हीच टेबलासमोर बसलो होतो. आपल्या शाळेसाठी मंडळाचे जे शिष्टमंडळ एका कार्यालयात गेले, त्यात आम्हीही होतो. अध्यक्षांनी इमारत मागितली, चिटणीसांनी शिक्षिकांचे वेतन मागितले, तिसऱ्यांनी क्रीडांगण मागितले, आणि आम्ही, ज्यांना हे कळावयास हवे होते, त्यांनी ग्रंथालयाची भर घातली. अधिकाऱ्याने चहा दिला, निवेदन ठेवून घेतले आणि आम्ही परतलो. पुढे काय झाले, ते आपण जाणताच. तेव्हापासून इतर लहान संस्था सरकारदरबारी काय करतात, हे पाहण्याचा आम्हांस नाद लागला, आणि त्या शोधात या कॉलेजांची गोष्ट हाती आली.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे त्या त्या भागातील लोकांसाठी चालविलेले दोन वर्षांचे महाविद्यालय. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघालेले कॉलेज या प्रकारच्या सार्वजनिक कॉलेजांत सर्वांत जुने मानतात. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांच्या उच्चशिक्षण आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. आज त्यांची संख्या हजारांहून अधिक आहे. परिचारिका, मोटार दुरुस्त करणारे, हिशेबनीस येथे तयार होतात. पुष्कळजण दोन वर्षे येथे शिकून विद्यापीठात जातात. आमची एक भाची विवाहानंतर तिकडे गेली. येथली बी. कॉम. पदवी तिला तेथे फारशी उपयोगी पडेना. घराजवळच्या अशाच कॉलेजात संध्याकाळचे वर्ग करून ती पुन्हा उभी राहिली. आपल्यापैकी अनेकांच्या लेकीसुनांची हीच कथा असेल. आपल्याकडेही बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने याच नावाची योजना काढली.

या कॉलेजांचा खर्च मुख्यतः राज्य सरकार, स्थानिक कर आणि फी यांतून चालतो. केंद्राकडून त्यांना मिळणारा पैसा बव्हंशी विद्यार्थ्यांच्या हातून येतो. तेथेही मोठी विद्यापीठे आहेत, त्यांचे माजी विद्यार्थी सत्तास्थानी आहेत. त्यांच्यापुढे ही कॉलेजे म्हणजे धाकटी पाती. तरीही त्यांचा आवाज वॉशिंग्टनला ऐकू जातो, तो कसा?

पहिली गोष्ट म्हणजे, ती एकेकटी जात नाहीत. त्यांची संघटना १९२० साली स्थापन झाली. आज तिचे नाव अमेरिकन असोसिएशन ऑफ कम्युनिटी कॉलेजेस असे आहे. कॉलेजांच्या विश्वस्तांची निराळी संघटना १९७२ सालची. या दोन्ही संघटना मिळून आपल्या मागण्यांचा अग्रक्रम ठरवितात. विश्वस्तांची संघटना दरवर्षी फेब्रुवारीत वॉशिंग्टनला मेळावा भरविते. अंदाजपत्रकाच्या चर्चेचा तो काळ असतो. प्राचार्य, विश्वस्त आणि विद्यार्थी तेथे जमतात. प्रथम सर्वांना मागण्या समजावून देतात आणि मग प्रत्येकजण आपापल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीकडे जातो. बहुधा भेट होते ती त्या प्रतिनिधीच्या तरुण सहायकाशी. अनुभवी मंडळी त्यात कमीपणा मानीत नाहीत. टिपण तोच लिहिणार असतो, हे त्यांना ठाऊक असते. ‘साहेब भेटले नाहीत’ म्हणून रुसून परतणारी शिष्टमंडळे आम्ही पाहिली आहेत. त्यांची फाईल कोणाच्या हाती होती, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

दुसरी गोष्ट मागणीच्या रूपाची. १९७२ साली अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तेथील संसदेत, मोठा वाद झाला. उच्चशिक्षण संस्थांच्या प्रमुख संघटनांना थेट संस्थांना अनुदान हवे होते. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचे म्हणणे होते, पैसा गरजू विद्यार्थ्याला द्यावा आणि त्याने तो हव्या त्या कॉलेजात न्यावा. पेल यांचा पक्ष सरस ठरला. १९८० साली त्या अनुदानाला त्यांचेच नाव मिळाले. २०२५-२६ या वर्षासाठी ते जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे. कम्युनिटी कॉलेजांच्या मागण्यांत पेल अनुदानाचे रक्षण सतत अग्रभागी राहिले आहे. ‘आमच्या कॉलेजाला द्या’ असे म्हणणारा एक अर्जदार असतो. ‘आपल्या मतदारसंघातील या मुलीला द्या’ असे म्हणणाऱ्याबरोबर ती मुलगीच आलेली असते.

तिसरी गोष्ट कागद आणि पैसा यांतील अंतराची. ॲरिझोनातील नवाहो या आदिवासी जमातीने १९६८ साली स्वतःचे कॉलेज काढले. जमातीनेच चालविलेले ते तेथील पहिले कॉलेज. आज ते दिने कॉलेज म्हणून ओळखले जाते. तेथे नवाहो भाषा शिकविली जाते. १९७१ साली काँग्रेसने त्या एका कॉलेजासाठी कायदा केला. पुढे इतर जमातींचीही अशी कॉलेजे निघाली आणि त्यांनी आपला संघ बांधला. स्थानिक कराचा आधार नसलेली ही दूरदूरची लहान कॉलेजे. तरी १९७८ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि दर विद्यार्थ्यामागे ४,००० डॉलरपर्यंत मदत त्यात नमूद झाली. परंतु अमेरिकेत योजनेस मंजुरी एका कायद्याने मिळते आणि पैसा दरसालच्या दुसऱ्या कायद्याने. प्रत्यक्षात हाती येणारी रक्कम वर्षानुवर्षे कायद्यातील आकड्याहून बरीच कमी राहिली. कायदा झाला म्हणून संघाने पेढे वाटून दुकान मिटले असते, तर ती कॉलेजे कधीच बंद पडली असती. ते दरवर्षी पुन्हा जात राहिले.

चौथी गोष्ट निराशा पचविण्याची. १४ जुलै २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी मिशिगनमधील मॅकोम कम्युनिटी कॉलेजात दहा वर्षांसाठी १२ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. मार्च २०१० मध्ये जे हाती आले, ते चार वर्षांसाठी दोन अब्ज. तेही रोजगार गमावलेल्या कामगारांच्या प्रशिक्षणासाठी आणि श्रम खात्यामार्फत. कॉलेजांनी ते नाकारले नाही. त्यातून अभ्यासक्रम उभे केले. पुढे २०२१ साली दोन वर्षे मोफत शिक्षण देण्याचा प्रस्ताव आला आणि ऑक्टोबरात वगळला गेला. फेब्रुवारी २०२२ च्या त्याच वार्षिक मेळाव्यात, स्वतः कम्युनिटी कॉलेजात शिकविणाऱ्या जिल बायडेन यांनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी या नात्याने ही गोष्ट उपस्थितांना सांगितली. मेळावा मोडला नाही. आठ ते पंधरा आठवड्यांच्या लहान व्यवसाय-अभ्यासक्रमांनाही पेल अनुदान मिळावे, ही त्यांची आणखी एक जुनी मागणी होती. ती जुलै २०२५ च्या कायद्यात मान्य झाली आणि अंमलासाठी १ जुलै २०२६ ही तारीख ठरली. मधल्या काळात अध्यक्ष बदलले, पक्ष बदलले. मागणी मात्र बदलली नव्हती.

कोणी म्हणेल, हे लॉबिंग म्हणजे वशिलाच की. तेथेही वजनदार हितसंबंधांचे लॉबिंग चालते आणि त्याचे दोषही आहेत. परंतु अनुदानाचा सरकारी पैसा आणखी अनुदान मिळविण्याच्या खटपटीत वापरण्यास तेथे कायद्याने मनाई आहे, आणि धंदा म्हणून लॉबिंग करणारांना १९९५ च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. वशिला दाराआड चालतो. ही कॉलेजे आपल्या मागण्या छापून सर्वांदेखत वाटतात.

आता आपल्याकडे येऊ. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे संविधानाचे ३५०क हे कलम १९५६ पासून सांगते. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांसाठीच ते आहे. परंतु तो कागद झाला. नवाहो मंडळींप्रमाणे आपल्यालाही कागदापासून पैशापर्यंतची वाट चालावयाची आहे, आणि वेळ थोडा आहे. आपल्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात यंदा दोन बाकांवर मावतील एवढीच मुले आहेत. ती बाके रिकामी झाली, की पुढील निवेदन कोणासाठी लिहावयाचे?

म्हणून एक सूचना करतो. या वर्षी मंडळाने एकच मागणी ठरवावी. आमच्या मते ती शिक्षिकांच्या वेतनाची असावी. इमारतीवाचून शाळा भरते, शिक्षिकेवाचून भरत नाही. निवेदन एका पानाचे असावे. त्यात मुलांची संख्या, ती कोणत्या वस्तीतून येतात आणि येथून शिकून गेलेली मुले आज या शहराच्या कोणत्या कामी येत आहेत, एवढेच असावे. या प्रांतातील इतर मराठी मंडळांच्या सह्या त्यावर घ्याव्यात. भेटीस जाताना एखाद्या माजी विद्यार्थिनीस बरोबर न्यावे आणि बोलणे तिलाच करू द्यावे. नकार आला, तर पुढील वर्षी त्याच महिन्यात तेच पान नव्या आकड्यांसह पुन्हा न्यावे. टेबलामागील माणूस या नात्याने सांगतो, दरसाल येणारे एक पान कार्यालयाच्या लक्षात राहते. चार मागण्यांचे जाड निवेदन राहत नाही.

ग्रंथालयाची आमची मागणी आम्ही या व्यासपीठावरून मागे घेत आहोत. इतरांनीही आपापल्या मागण्यांविषयी विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.